भुंग्याजवळ हातमोजे नकोत

गुरुवार, ता. ७ जानेवारी १९८८
सकाळचे सव्वादहा. प्लॅस्टरचा साचा खिडकीत सुकत ठेवला आहे, तो हाताला गार लागायचा थांबेपर्यंत लिहितो.

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र सोमवारी मिळालं. इकडे आम्ही दोघे बरे आहोत, तुम्ही दोघेही असालच. भावजींचा खोकला गेला का? रंगाच्या कामात नाकाला फडकं बांधतात की नाही, ते एकदा लक्ष घालून बघ.

थंडी फार आहे. सकाळी नळाला हात लावला की हात आपला राहत नाही. काम थोडं मागे पडलं आहे. मास्तरांची खालची कवळी अजून आमच्याचकडे आहे. परवा ते दारात येऊन म्हणाले, "बाळा, अजून किती दिवश?" मी म्हटलं, होईलच आता. तर म्हणतात, "जन्मभर पोरांना दंत्य वर्ण शिकवले, आता माझेच शगळे बुडाले बघ." हसले आणि गेले. मला हसू आलं नाही. दूध-ब्रेडवर आहेत ते, आणि गालफडं बसली आहेत.

तू कवळ्या घासायचं मशीन घेतलंस हे वाचून मी पत्र दोनदा वाचलं. बंद पडलेल्या दुकानातून घेतलंस म्हणतेस, म्हणजे किती वापरलेलं ते देव जाणे. वायर आधी पूर्ण तपास. मशीनच्या मानेजवळ वायर वाकून वाकून आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. तुमच्याकडच्या दातांच्या डॉक्टरांनी कवळ्या दुरुस्तीला द्यायचं कबूल केलं आहे आणि एक फेब्रुवारीपासून काम सुरू, हे चांगलंच झालं. बाबांना मी वाचून दाखवलं. "पुन्हा वाच" म्हणाले.

तू विचारलंस की बाबा मला शिकवताना काय काय सांगायचे ते सगळं लिहून पाठव. त्यांनी तुला आपल्या घासायच्या मशीनला, भुंग्याला, हात लावू दिला नाही कधी, नुसतं दारातून बघितलंस. तेव्हा लिहितो. बाबांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत लिहिलं तर वाचून तू मशीन परत देशील.

आधी डोळे. चष्मा लावल्याशिवाय भुंगा चालवायच्या पायपट्टीवर पाय ठेवायचा नाही. "एक दात गेला तर मी करून देईन, डोळा मला करता येत नाही," असं ते म्हणायचे. नाकातोंडावर फडकं. कवळीची गुलाबी भुकटी पिठासारखी दिसते पण ती आत जाऊन बसते. फडक्याची टोकं मागे खोचून टाक, लोंबू देऊ नकोस.

भुंग्याचं घासायचं टोक बदलायचं तर आधी प्लग काढायचा. बटण बंद करून नाही, प्लग काढून. पाय चुकून पट्टीवर पडतो आणि बोटं टोकाजवळ असतात. टोकाचा दांडा मशीनच्या पकडीत पूर्ण आत गेला पाहिजे. थोडा बाहेर राहिला की वेगात वाकतो, आणि वाकला की उडतो.

नवीन टोक लगेच कामाला लावायचं नाही. टेबलाच्या कडेखाली, तोंडापासून लांब धरून, आधी हळू फिरवायचं. थरथरलं, आवाज बदलला, तर टाकून द्यायचं. पैसे गेले म्हणून हळहळायचं नाही. कापायची पातळ चकती असेल तर तिच्या धारेच्या रेषेत आपलं तोंड नको, आणि तिच्या बाजूने घासायचं तर मुळीच नाही. ती फुटते तेव्हा फुटल्याचं आधी कळत नाही, लागल्याचं कळतं.

(मध्येच उठून प्लग पाहून आलो. काढलेलाच होता. आज मशीन लावलंच नाही, तरी पाहून आलो.)

मग धरणं. पेन धरतो तसा भुंगा, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेबलाच्या लाकडी खुंटीवर टेकलेलं हवं. हवेत हात ठेवून काम करणाऱ्याला बाबा "कंडक्टर" म्हणायचे. टोक पूर्ण वेगात आल्यावरच कवळीला लावायचं. दाबायचं नाही. "वेगानं काम करायचं, जोरानं नाही. गोंजारल्यासारखं." दाबलं की कवळी तापते, वास येतो, आणि टोक अडकून हातातून उसळी मारतं. उसळलं तर पकडायला जाऊ नकोस, पाय उचल. काहीही झालं तरी पाय उचल. आणि खाली ठेवताना टोक खरंच थांबलंय का ते बघ. थांबल्यासारखं दिसतं आणि फिरत असतं.

अंगावर सैल काही नको. बाह्या कोपरापर्यंत वर, केस घट्ट बांधलेले. स्कार्फ नाही, साखळी नाही, अंगठी नाही, वगैरे. तू लहानपणी एकदा आत येऊन वाकून बघत होतीस तेव्हा त्यांनी कात्रीने तुझ्या रिबिनीची टोकं कापली होती, आणि तू दोन दिवस जेवली नव्हतीस. त्या वेळी मला वाटलं होतं की बाबा दुष्ट आहेत.

बोटं पांढरी पडली, मुंग्या आल्या, तर उठायचं. भुंग्याच्या थरथरीने होतं ते, आणि थंडीत जास्त.

तू बाबांसाठी पाठवलेले हातमोजे मिळाले. पार्सल त्यांनी स्वतः उघडलं. सुतळी कापू दिली नाही, गाठ सोडत बसले. माप अगदी बरोबर आलं आहे. तू विचारलंस म्हणून एवढं लिहितो. त्यांना आवडले.

ते स्वतः लिहिणार होते, पण आत पडले आहेत. थंडीचे दिवस. काळजीचं काही नाही.

साचा सुकला. उठतो.

तुझा
बारक्या


मंगळवार, ता. १९ जानेवारी १९८८
दुपारचे पावणेचार. पोस्टातल्या बाकावर बसून, पोस्टाच्याच पेनाने लिहितो आहे. पेनाला दोरी बांधली आहे आणि ती आखूड आहे.

ताई,

आत्ताच तुला तार केली. हे पत्र मिळेल तेव्हा ती मिळून गेलेली असेल. तुझ्या घरमालकिणीकडे फोन करून निरोप ठेवावा असं आधी वाटलं, पण ती बाई निरोपात स्वतःची भर घालते असं तूच लिहिलं होतंस.

खिडकीवरच्या माणसाने मजकूर वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "'हातमोजे घालू नकोस, पत्र येत आहे.' एवढंच?"

"एवढंच."

"कुणी आजारी-बिजारी?"

"नाही."

"मग साधं कार्ड टाका की राव! तार म्हटली की लोकांच्या काळजात धस्स होतं."

मी म्हटलं, धस्स व्हायलाच पाहिजे. त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला.

तुझं पत्र आज अकराला आलं. तू लिहिलंस की शेड पत्र्याची आहे, सकाळी बोटं वळत नाहीत, म्हणून बाबांसाठी विणले तस्सेच हातमोजे स्वतःसाठीही विणलेस, आणि घालून टोक धरायचा सराव चालू आहे, पकड छान येते. आणि लिहिलंस की बारक्या, तू एवढी मोठी जंत्री दिलीस, पण हातमोज्यांचं त्यात काहीच नाही, म्हणजे चालत असणार, बाबाही घालतातच.

ते वाक्य वाचल्यापासून मी बसलेलो नाही. पोस्टात येताना रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला, तसाच आलो.

ताई, मागच्या पत्रात मी "अंगठी नाही, वगैरे" असं लिहिलं. मी वगैरे कधी लिहीत नाही, तुला माहीत आहे. वाण्याच्या यादीतसुद्धा लिहीत नाही. त्या वगैरेत हातमोजे होते. फिरत्या टोकाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कुठलेच नाहीत, आणि लोकरीचे तर अजिबातच नाहीत. उघड्या बोटाला टोक लागलं तर कापतं, आणि बोट मागे येतं. लोकरीचा एक धागा टोकाने उचलला की ते बोट मागे येऊ देत नाही, गुंडाळत आत ओढतं. मला भुंग्यासमोर बसवायच्या आधी बाबा हेच पहिल्यांदा सांगायचे. तुला सांगितलं नाही, कारण तुला बसवलंच नाही.

मी ते मुद्दाम लिहिलं नाही. कारण लिहिलं असतं तर तुला लगेच कळलं असतं.

झालं ते असं. एकोणतीस डिसेंबरला सकाळी बाबा कामाला बसले, तेव्हा त्यांच्या हातात तुझे हातमोजे होते. रात्रीही तेच घालून झोपले होते. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस ना, "बाबा, काम करताना बोटं पांढरी पडतात तुमची, तेव्हा घाला." ती चिठ्ठी त्यांच्या खिशात होती.

मी म्हटलं, "बाबा, ते काढा."

"का?"

"का म्हणजे? तुम्हीच तर..."

"तू मला शिकवू नकोस. बोटं माझी, भुंगा माझा. तू तुझा प्लग सांभाळ, वायरमन." मी प्लगजवळच बसतो म्हणून हे नाव पडलं आहे, तुला ठाऊक नसेल. मग जरा वेळाने, मशीन लावायच्या आधी, हात उलटसुलट करत म्हणाले, "ऊब बघ रे. तिच्या लक्षात होतं."

मी प्लगजवळ सरकून बसलो. त्यांना नियम माहीत नव्हता असं नाही. ज्या माणसाने तुझी रिबीन कापली, तो माणूस ते घालून बसला.

मास्तरांचीच कवळी होती. पहिल्या बोटाच्या टोकाचा एक धागा सुटला असावा. मी आवाज ऐकला. भुंगा गुणगुणतो ना, तो एकदम घोगरा झाला. बघतो तर बोट खाली ओढलं गेलं होतं आणि अंगठा त्याच्यामागोमाग. मी ओरडलो, पाय उचला! त्यांचा पाय पट्टीवर आणखी घट्ट बसला. मी प्लग ओढला. टोकाभोवती लोकर रिळासारखी गुंडाळली होती, तुझ्या त्या निळ्या लोकरीची.

त्यांचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? "मोजा फाटला का?"

इस्पितळात डॉक्टरांनी कात्री घेतली तेव्हा बाबा त्यांना मोजा कापू देईनात. दोन माणसांनी धरलं. डॉक्टर वैतागून म्हणाले, "मशीनवर हातमोजे घालायची अक्कल कुणाची?" बाबा म्हणाले, "माझीच. मीच विकत आणले बाजारातून."

पहिल्या बोटाची आणि अंगठ्याची शीर तुटली होती. शिवली आहे. उजवा हात. जखम भरते आहे, ताप नाही, हे खरं लिहितो, आता काही लपवत नाही. पण अंगठा आणि बोट एकमेकांना भेटत नाहीत. भेटतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, नुसतं "व्यायाम करा" म्हणतात. बाबा सकाळी खिडकीत बसून प्रयत्न करतात. मधे तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राहतं असं ते म्हणतात. मला तरी ते अंतर त्याहून जास्त दिसतं.

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "तिला कळता कामा नये. चार वर्षांनी पोर माझ्याशी बोलली आहे. कळलं तर पुन्हा विणायची नाही, आणि बोलायचीही नाही." मी शब्द दिला. म्हणून ते पत्र तसं लिहिलं. तुला वाईट वाटू नये म्हणून मी एक ओळ गाळली आणि त्या ओळीच्या जागी तू हात घालणार होतीस.

पोस्टातला माणूस दिवे लावतो आहे. उरलेलं घरी लिहितो.

संध्याकाळचे सात. घरी.

बाबांना सांगितलं. चप्पलही काढली नव्हती. म्हटलं, मी तार केली आहे आणि आता सगळं लिहितो आहे.

ते इतके लाल झाले की मला त्यांच्या टाक्यांची भीती वाटली. "एक गोष्ट सांगितली होती तुला. एक! तेवढीही पोटात राहिली नाही."

"ती घालणार आहे, बाबा."

"काय घालणार आहे?"

"हातमोजे. तिने स्वतःलाही विणले. तसेच. मशीनवर सराव चालू आहे तिचा."

ते उभे होते ते खाली बसले. खुर्ची मागे आहे की नाही हेही बघितलं नाही. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. नंतर म्हणाले, "तिला बसू दिलं नाही ते तिच्या बोटांसाठी. ही असली बोटं" असं म्हणून त्यांनी हात वर केला, "पोरीला नकोत म्हणून. आणि ती तिकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसून..."

हे त्यांनी तुला सांग म्हणून सांगितलेलं नाही. मी माझ्या मनाने लिहितो आहे. चार वर्षांपूर्वी तू घर सोडून गेलीस तेव्हा आपल्या सगळ्यांना वाटलं होतं की मुलगी म्हणून भुंग्यावर बसू दिलं नाही. तेही असेल. पण हेही आहे.

मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, जणू काही मीच ते मशीन घेऊन आलो होतो. पट्टी सैल आहे का? पकड घसरते का? शेडमध्ये उजेड कुठून येतो? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. "मग तुम्ही दोघं पत्रात लिहिता तरी काय?" म्हणाले.

आणि मग मला लिहून घ्यायला लावलं. थंडीसाठी असं कर: बसायच्या आधी दोन्ही हात कोमट पाण्यात बुडवायचे, पुसून पूर्ण कोरडे करायचे, ओल्या हाताने प्लगला शिवायचं नाही. टेबलाशेजारी शेगडी पेटवायची नाही, कवळी सांधायचं ते पातळ औषध पेट घेतं. पायांखाली गोणपाट घालायचं आणि बंडी घालायची, बाह्या नसलेली, अंगाला घट्ट. अंग गरम राहिलं की बोटं गरम राहतात. थोडं काम झालं की उठायचं आणि हात काखेत धरायचे. तुझे हातमोजे काम संपल्यावर, प्लग काढल्यावर, घरी जाताना घालायचे. "फेकू नको म्हणावं. चांगले विणलेत."

मी लिहीत होतो. मग ते हळू म्हणाले, "आणि हे लिही. घाबरलं की माणूस दाबतं. जन्मभर मी सांगत आलो पाय उचला, पाय उचला. माझी वेळ आली तर मी दाबलं. तिला म्हणावं, रोज काम सुरू करायच्या आधी, मशीन बंद असताना, दचकायचं आणि पाय उचलायचा. वेड्यासारखं वाटेल. करायचं."

ताई, ते कर. भावजींना सांग मागून येऊन ओरडायला. मला माहीत आहे की तू हसशील, पण कर.

आता माझं एक. मी त्या दिवसापासून भुंग्याला हात लावलेला नाही. मास्तरांची कवळी मी कानशीने आणि पॉलिश कागदाने घासून केली, आठ दिवस लागले. काल दिली. त्यांनी तोंडात बसवली, आरशात बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "सस्नेह." मग "सदैव." मग रडले. मी घरी येऊन पुन्हा त्या खुर्चीवर बसून बघितलं, पाय पट्टीवर ठेवला, प्लग काढलेला होता तरी घाम आला. बाबांना हे दिसतं. तुला नुसतं कळवतो. काही मागत नाही.

तुझ्यामुळे झालं असं मनात आणशील, मी कितीही नको म्हटलं तरी. आण, पण त्याच्या शेजारी हेही ठेव: त्यांना नियम माहीत होता, आणि तरी त्यांनी ते काढले नाहीत. त्यांना कुणी फसवलं नव्हतं.

पत्र संपत आलं म्हणून मी लिफाफा घेऊन पत्ता लिहायला लागलो, तर त्यांनी तो ओढून घेतला. डाव्या हातात पेन धरलं आणि कोपराने लिफाफा दाबून धरला. मी म्हटलं, "राहू द्या, मी लिहितो. तिला वाटेल, कुणा पोराने लिहिलंय."

"वाटू दे."

अर्धा तास लागला. दोन चुका आहेत, त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत. तुझ्या नावापुढे त्यांनी, चार वर्षांत पहिल्यांदाच, भावजींचं आडनाव लिहिलं आहे. मला विचारून लिहिलं, एक एक अक्षर.

तू घाईत लिफाफा फाडला असशील. तुकडे टाकू नकोस, जुळवून बघ.

तुझा,
आणि या वेळी बाबांचाही निरोप घेऊन,
बारक्या